जुन्या गाडीची अलाइनमेंट: मिस्त्रीची दोरी, सेन्सरचं मशीन की थ्री-डी?

दहा-पंधरा वर्षांची अल्टो, वॅगन-आर, सँट्रो किंवा इंडिका. पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली, स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, आता न्यायची कुठं? गावातला मिस्त्री म्हणतो दोरी लावून देतो, तालुक्याच्या टायरवाल्याकडं सेन्सरचं मशीन आहे, आणि लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरला गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘थ्री-डी’चे, म्हणजे कॅमेऱ्यानं चाकं मोजणाऱ्या मशीनचे बोर्ड.

आमचं मत आधीच सांगतो. जुन्या गाडीला मशीन कोणतं यापेक्षा मशीनवर चढवायच्या आधी खालून कोणी हात घातला का, हे जास्त महत्त्वाचं. ते झालं असेल तर थ्री-डी सगळ्यात बरं. झालं नसेल तर तिन्ही ठिकाणचे पैसे वाया.

आधी खात्री करा, दुखणं अलाइनमेंटचंच आहे का

80 ते 100 च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर तो बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं नसण्याचा प्रश्न आहे किंवा रिम वाकलंय. त्यावर अलाइनमेंट करून काही होत नाही.

गाडी ओढत असेल तर आधी हवा बघा, तीही सकाळी टायर थंड असताना. साधारण पाच-सहा अंशांना एक पीएसआय एवढी हवा तापमानाबरोबर वाढते. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी गाडी चालवून आल्यावर मोजलेला आकडा म्हणूनच फसवा असतो. मग पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून बघा (बाण असलेले एकदिशा टायर सोडून). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. तशीच राहिली आणि एका बाजूचं चाक चालवून आल्यावर जास्त गरम लागत असेल, तर ब्रेक धरतोय का ते बघा. शिवाय आपले रस्ते मधे उंच, कडेला उतरते असतात आणि आपण डाव्या बाजूनं चालतो. त्यामुळं डावीकडं हलकी ओढ असणं हा दोष नव्हे.

टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितल्यावर चाकं समोर आत की बाहेर वळलीत ते माप) बिघडलाय. एकच कड खाल्लेली, पण करवत नाही, तर कॅम्बरकडं, म्हणजे चाक उभं न राहता आत-बाहेर झुकण्याकडं बोट जातं. दोन्ही कडा खाल्ल्या तर हवा कमी, मधला पट्टा खाल्ला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत.

मशीनवर चढवण्याआधीची अर्ध्या तासाची तपासणी

काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि डांबराला लाटा येतात. त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम. जुन्या गाडीचे बुश (सांध्यातली रबरं) आणि टायरॉडचे एंड इथं लवकर जातात यात नवल नाही.

चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. घड्याळाच्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा. खटखट लागली तर टायरॉड एंड (स्टेअरिंगचा रॉड चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅकमधला (स्टेअरिंगनं डावी-उजवी सरकणाऱ्या दात्यांच्या दांड्याचा) जोड. 12 आणि 6 ला धरून हलवा. इथं प्ले (सैलपणा) लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. तेव्हा प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. लोअर आर्मच्या (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मागच्या बुशाजवळ पहार टेकवून दाब द्या. रबर फाटून आर्म सैल हलत असेल तर तो बदलल्याशिवाय पुढं जाऊ नका. कारण मशीनवर गाडी उभी असते. रस्त्यावर ब्रेक मारताच तोच आर्म मागं सरकतो आणि टो बदलतो. मशीनच्या प्रिंटवर सगळे आकडे हिरवे, म्हणजे बरोबर, टायर मात्र खाल्लं जातंच.

स्प्रिंगही बघा. सपाट जागी उभी करून दोन्ही पुढच्या चाकांच्या केंद्रापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोजा. एक बाजू दीड-दोन सेंटीमीटरनं बसली असेल तर त्या बाजूचा कॅम्बर आत झुकलेला निघणार, आणि तो कोणतंही मशीन दुरुस्त करू शकत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर गाडी रोज जशी चालते तशीच, टाकीसकट मोजायला न्या; डिकीतली पोती मात्र उतरवा.

दोरी

दोरीला हसू नये. नीट केली तर टो अर्ध्या ते एका मिलिमीटरपर्यंत बरोबर येतो, आणि बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो एवढीच गोष्ट फिरवता येते. मागचा एक्सल फिरत नाही, कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढं-मागं कल) फिरत नाही, कॅम्बरला कंपनीनं सोयच ठेवलेली नसते.

पण नीट करायला जागा सपाट लागते. स्टेअरिंग मधोमध बांधायचं, गाडी हातानं दोन मीटर पुढं ढकलायची. जॅकवरून उतरवलेली गाडी तशीच मोजली तर चाकं आत खेचलेली राहतात आणि आकडा चुकतो. मग दोन्ही बाजूंना केंद्राच्या उंचीवर गवंड्याची लाइनदोरी ताणायची. पुढच्या दोन केंद्रांपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं, मागच्या दोघांचं आपसात सारखं. पुढची आणि मागची रुंदी वेगळी असते, म्हणून दोरी टायरला टेकवून ताणणारा मिस्त्री चुकतो. शेवटी स्टीलच्या पट्टीनं दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर. पुढचं अंतर जास्त तर टो-इन, मागचं जास्त तर टो-आउट.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत टो शून्याच्या आसपास हवा. नेमका आकडा त्या मॉडेलचाच घ्यावा. दोन्ही चाकं मिळून 3 मिलिमीटरची चूक असेल तर 13 इंची रिमवर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे चार मीटर आडवं घासतं. बीडहून संभाजीनगरला पोचेपर्यंत हे अर्ध्या किलोमीटरच्या वर जातं. टायर का खाल्लं याचं कोडं इथंच सुटतं.

दोरीला कॅस्टर दिसत नाही, आणि नुसती पुढची चाकं मोजली तर मागचा एक्सल तिरका बसलाय का हेही कळत नाही. गाडी कधी ठोकलेली असेल तर दोरीवर थांबू नका.

सेन्सर आणि थ्री-डी यांतला खरा फरक

जाहिरातीत कॅमेरे दाखवतात. जुन्या गाडीसाठी फरक वेगळाच आहे: वाकलेलं रिम. खड्ड्यात आपटलेलं पत्र्याचं रिम दीड-दोन मिलिमीटर तिरकं असणं सर्रास. जुन्या सेन्सरच्या मशीनवर हा तिरकेपणा वजा करायला प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवावं लागतं. गर्दीच्या दिवशी हे कोणी करत नाही. मग रिमचा वाकडेपणाच टो म्हणून मोजला जातो आणि चांगला टो बिघडवून गाडी परत येते. थ्री-डीवर गाडी वीस-एक सेंटीमीटर मागं-पुढं ढकलतात, तेवढ्यात मशीन हा हिशोब स्वतः करतं. ढकललीच नाही तर विचारा, ‘दादा, रोल नाही केली?’

सेन्सरचं मशीन चालवणारा चाकं उचलून फिरवत असेल आणि सेन्सरचे बुडबुडे लेव्हलला आणत असेल, तर त्याच्याकडं जायला हरकत नाही. तसा माणूस भेटणं अवघड, एवढंच.

दोन्हीकडं पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर हवीत आणि तबकड्यांच्या पिना काढलेल्या हव्यात. पिना तशाच असतील तर चाकं अडकून राहतात, आकडे खोटे येतात. स्क्रीनवर मॉडेल आणि साल तुमचंच निवडलंय का बघा. वॅगन-आरच्या दोन पिढ्यांचे आकडे एक नसतात. प्रिंट ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन्ही आकड्यांची घ्या. आकडे अंश-मिनिटांत असतील तर 13 इंची रिमवर साधारण 10 मिनिटं म्हणजे 1 मिलिमीटर.

टायरॉडचा लॉक नट जुन्या गाडीत गंजून बसलेला असतो. आदल्या दिवशी आणि सकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून न्या. तिथं गेल्यावर नट सुटत नाही म्हणून एकाच बाजूचा फिरवतात आणि स्टेअरिंग वाकडं होतं. रॉड फिरवताना रबरी बूटची क्लिप सैल केली पाहिजे, नाहीतर बूट पिळला जातो, फाटतो, आणि धूळ रॅकमध्ये. रॅकचा खर्च अलाइनमेंटच्या कितीतरी पट.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबद्दल फार लिहायला नाही. मशीन बहुधा त्याच जातीचं, आकडे मॉडेलचे नेमके. पण तिथं बुशाऐवजी अख्खा आर्म बदलायला सांगतील. पंधरा वर्षांच्या गाडीला कधीकधी तेच बरोबर असतं, कारण बुश प्रेसवर नीट बसवणारा मिस्त्री जवळ नसतो.

‘कॅम्बर पण करावा लागेल’

हे वाक्य ऐकलं की थांबा. छोट्या गाडीत कॅम्बर लाल दिसला तर कारण बसलेली स्प्रिंग, वाकलेला आर्म किंवा स्ट्रट (स्प्रिंगसकट उभा शॉकअप) असतो. काही दुकानांत हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवून आकडा हिरवा करतात. पुन्हा पुन्हा वाकवलेला पत्रा कमकुवत होतो, आणि मूळ कारण तसंच राहतं. स्ट्रट आणि नकलचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून छिद्रातल्या मोकळीकीत थोडा कॅम्बर बसवणं चालतं. ते बोल्ट मग टॉर्कनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं घट्ट करायला हवेत. डबल विशबोनच्या (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या) जुन्या जीपवजा गाड्यांत शिम (पातळ पत्री) घालून कॅम्बर जुळवायची सोय असते. तिथं जादा पैसे मागितले तर ते कामाचे आहेत.

मग कोणी कुठं जावं

नुसता टायरॉड एंड बदललाय, वापर गाव ते तालुका, वेग साठच्या आत: दोरी पुरते. एंड काढण्याआधी किती आटे आत होता ते मोजून ठेवा. छोट्या गाडीत एका पूर्ण फेऱ्याला रिमवर तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो.

नवीन टायर घालताय किंवा लोअर आर्म बदललाय: मिस्त्रीकडून दोरीनं अंदाजे बसवून त्याच दिवशी थ्री-डीवर. टो बिघडलेला असताना साठ-सत्तर किलोमीटर काढले तरी नव्या टायरवर करवत उठायला सुरुवात होते. नियमित समृद्धीवर जाणार असाल तर दोरीवर भागवू नका. काँक्रीट आणि सलग 100-120 चा वेग कड खाल्लेल्या जुन्या टायरला फार वेळ झेपत नाही. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

गाडी ठोकलेली, किंवा सरळ जाताना मागून बघणाऱ्याला तिरकी चाललेली दिसते: चारही चाकं मोजणारं थ्री-डीच, आणि ‘थ्रस्ट’चा (मागची चाकं गाडीला कुठल्या दिशेनं ढकलतात त्याचा) आकडा मागा. तो चुकला असेल तर पुढं फिरवत बसण्याआधी मागच्या एक्सलचे बुश बघावे लागतील.

पैसे देण्याआधी सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालवून बघा. स्टेअरिंग वाकडं असेल तर तिथंच परत या. ‘स्टेअरिंग काढून सरळ बसवतो’ म्हणाले तर नाही म्हणा. त्यानं रॅक मधोमध राहत नाही, एका बाजूला गाडी कमी वळते, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तो उद्योग धोक्याचा आहे. दोन्ही टायरॉड सारखे, उलट दिशांना फिरवूनच स्टेअरिंग सरळ होतं, आणि मशीनवर गाडी असताना ते पाच मिनिटांचं काम आहे.