मत द्यायचं की प्रतिनिधी व्हायचं?

धाकट्या मामेभावाचा प्रश्न: "दादा, ऑनलाइन गेम बनवणाऱ्या कंपनीपर्यंत आपलं म्हणणं पोचावं असं वाटतं. ओल्ड स्कूल रूनस्केपला वेळ देऊ की ईव्ह ऑनलाइनला?"

मेहनत बघितली तर रूनस्केप सोपा. २०१३ पासून मोठे बदल तिथे मतदानाला येतात. पैसे भरून सदस्य झालास आणि गेममध्ये ठरावीक पातळी गाठलीस की तिथेच हो किंवा नाही नोंदवायचं. आधी ७५ टक्के होकार लागायचा, आता ७० लागतो. आणि हे मत खरंच मोजलं जातं: 'वॉर्डिंग' हे नवं कौशल्य २०१९ मध्ये मतदानात पडलं, तर २०२३ मध्ये 'सेलिंग'ला होकार मिळाला. प्रश्न मात्र कंपनीच लिहिते, हे मला खटकतं.

ईव्हमध्ये २००८ पासून खेळाडू प्रतिनिधी निवडतात. निवडून आलास तर गुप्ततेच्या करारावर सही, मग बदल कच्चा असतानाच त्यावर बोलता येतं. २०११ मध्ये गेममधल्या दुकानातल्या किमतींवरून खेळाडू भडकले, तेव्हा प्रतिनिधींना तातडीने आइसलंडमध्ये, कंपनीच्या रेक्याविक शहरातल्या कचेरीत बोलावलं होतं. शेवटचा शब्द कंपनीचाच, आणि आत ऐकलेलं मतदारांना सांगता येत नाही.

कॉलेज सांभाळून खेळणार असशील तर रूनस्केप. माणसं जोडायची, पानंच्या पानं लिहायची तयारी असेल तरच ईव्हला उभा राहा.