मुंढा वर, हात मोकळा: जुन्या पॅटर्नवरून शिवण्याचे आठ महिने

गेल्या आठ महिन्यांत मी १९४० ते १९६० च्या दशकांतल्या अमेरिकन कागदी पॅटर्नवरून (म्हणजे कापड बेतायच्या तयार कागदी तुकड्यांवरून) पाच कपडे शिवले: दोन ड्रेस, एक घेरदार स्कर्ट, एक ब्लाउज आणि एक बिनअस्तराचं जॅकेट. त्यांतले तीन मी सतत वापरते. ब्लाउज एकदा पूर्ण उसवून पुन्हा शिवला. पहिला ड्रेस मात्र अंगात गेलाच नाही. ज्यांना सरळ टीप मारता येते, चेन बसवता येते आणि मापं घ्यायचा कंटाळा नाही, त्यांनी हे जरूर करावं. घाईत एखादा कपडा हवा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

पहिला ड्रेस फसला तो पॅटर्नच्या पाकिटावरच्या आकड्यामुळे. १४ नंबर बघून पॅटर्न घेतला आणि छातीचं माप वाचलंच नाही. १९४० च्या दशकातला १४ म्हणजे छाती ३२ इंच. १९५० च्या दशकाच्या शेवटी तोच १४ म्हणजे ३४, आणि १९६८ पासून ३६. तीस वर्षांत एकाच आकड्याने चार इंचांची मजल मारली. माझी छाती ३६. चांगलं क्रेप कापून, टक्स (कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या चिमट्या) घालून, बाजूच्या शिवणी मारून झाल्यावर डाव्या बाजूची चेन चार इंच उघडीच राहिली. तेव्हापासून आकडा बघायचा नाही, पाकिटाच्या मागचे इंच बघायचे, हा नियमच केला.

पण मापाप्रमाणे घेतलं की झालं, असंही नाही. पाकिटावरचं माप शरीराचं असतं, कपड्याचं नव्हे. त्यामुळे कापण्याआधी पॅटर्नचे पुढचे-मागचे तुकडे शिवणरेषेपासून शिवणरेषेपर्यंत मोजायचे, टक्समध्ये जाणारं कापड वजा करायचं आणि दुप्पट करायचं. म्हणजे शिवून झाल्यावर कपडा किती होणार ते कळतं. पन्नाशीतल्या (१९५० च्या दशकातल्या) ड्रेसची कंबर माझ्या कंबरेपेक्षा जेमतेम एक इंच सैल निघाली. त्या काळी आत कंबर आवळणारी अंतर्वस्त्रं घालत, त्या हिशेबाने हे बेतलेलं असतं. मी कंबरेला एकूण दीड इंच वाढवला आणि बसल्यावर सुखाने श्वास घेता येऊ लागला.

माप वाढवायचं तंत्र ब्लाउज उसवताना शिकले. ३२ च्या पॅटर्नला ३६ करायचं म्हणजे चार इंच, प्रत्येक पाव भागाला एक इंच. मी तो अख्खा इंच बाजूच्या शिवणीत टाकला होता. छाती पुरली, पण टक्स बाहेर न सरकता होता तिथेच राहिला, खांदे आखूड पडले आणि बाही बसेना. दुसऱ्या वेळी कागदावर दोन उभ्या रेषा मारल्या, एक खांद्याच्या मधून आणि एक मुंढ्यातून, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईतून. दोन्ही कापून पाव-पाव इंच फाकवल्या आणि उरलेला अर्धा इंच बाजूला दिला. तोच ब्लाउज आता माझ्यासाठीच बेतल्यासारखा बसतो.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं करते त्याबद्दल. जुन्या पॅटर्नचा मुंढा वर असतो, काखेच्या अगदी जवळ. पहिल्यांदा चाचणीसाठी मांजरपाटाचा नमुना शिवून घातला तेव्हा काखेत इतकं रुतलं की मी ताबडतोब कात्री घेऊन अर्धा इंच खाली कापलं. बाही लावली, हात वर केला, तर कंबरेपासून सगळा ड्रेस वर आला. तेव्हा उमगलं की काचत होती ती मुंढ्याची रेषा नव्हती, तिच्या बाहेर उभी राहिलेली ५/८ इंचाची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड होतं. नवा नमुना शिवला, मुंढ्याच्या शिवणरेषेवर एक टीप मारली आणि मायेला टिपेपर्यंत बारीक काप दिले. काच गेला. हात डोक्यावर नेला तरी कंबर जागची हलली नाही. कारण साधं आहे: मुंढा जितका खाली, तितका हातासोबत बाजूचा पट्टा ओढला जातो. मुंढा वर असला की फक्त बाही फिरते. आजवर विकतच्या कपड्यात हात वर करताना मी दुसऱ्या हाताने कपडा खाली ओढत आले. या ड्रेसमध्ये ती सवय आपोआप सुटली. म्हणून कळकळीने सांगते, नमुन्यात काचलं म्हणून मुंढा खोल करू नका.

जॅकेटला तर बाही वेगळी नाहीच, पाठीच्या तुकड्यातूनच निघते आणि काखेत पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडा बसवायचा असतो. कापडाला काखेत कोपऱ्यापर्यंत चीर द्यावी लागते आणि त्या टोकाला मायाच उरत नाही. मी तिथे पातळ ऑर्गंडीचा छोटा चौकोन आधी शिवून घेतला, मग चीर दिली आणि ऑर्गंडी उलट्या बाजूला वळवली. एका काखेला अख्खी संध्याकाळ गेली. सहा महिन्यांच्या वापरात टोक उसवलेलं नाही.

सगळ्यात जुना, चाळिशीतला (१९४० च्या दशकातला) ड्रेस-पॅटर्न बिनछपाईचा आहे. कागदावर एक अक्षर नाही, नुसती लहानमोठी छिद्रं. मोठी छिद्रं उभ्या धाग्याची, लहान छिद्रं टक्सची, तीन छिद्रांचा गट म्हणजे घडीवर ठेवा. कंपनीगणिक खुणा बदलतात, म्हणून सूचनापत्र नसलेला असा पॅटर्न नवख्याने घेऊ नये. कागद दिव्यासमोर धरला तेव्हा कंबरेपाशी टाचण्यांची भोकं दिसली, आणि बाजूला पेन्सिलची फिकट रेघ, शिवणीपासून पाऊण इंच बाहेर. माझ्याआधी कोणीतरी याच जागी कंबर वाढवली होती. मी त्या रेघेवरूनच माझी रेघ काढली.

मूळ कागद कधीच कापायचा नाही. कोरड्या, मंद इस्त्रीने सुरकुत्या काढायच्या, वाफ अजिबात नको, आणि ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यायचं. घेतल्याबरोबर सूचनापत्राशी तुकडे ताडून बघा. गळ्याची आतली पट्टी हरवली असेल तर काही बिघडत नाही, गळ्याच्या कडेवरून दोन इंच रुंद आखता येते. छातीचा किंवा बाहीचा तुकडा नसेल तर परत करा.

कापडाचा अंदाज पाकिटावरून घेऊ नका. तिथला पन्हा ३५ किंवा ३९ इंच असतो, आजचं कापड बहुधा त्याहून रुंद मिळतं. मी तुकडे जमिनीवर मांडूनच हिशेब करते. चाळिशीतल्या ड्रेसला कापड कमी लागलं, कारण १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धामुळे कपड्यांतल्या कापडावर सरकारी बंधनं आली आणि घेर अरुंद झाले. १९४७ मध्ये पॅरिसहून फॅशन डिझायनर क्रिस्तियन दिओरचा भरघोस घेर आला, आणि पन्नाशीतल्या स्कर्टला जवळपास दुप्पट कापड खर्ची पडलं. तो स्कर्ट शिवून मी दोन दिवस टांगून ठेवला. जिथे कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं पडतं तिथे तळ जवळजवळ एक इंच लोंबला. मग जमिनीपासून मोजून खुणा केल्या आणि हाताने तुरपाई केली. टांगायच्या आधी तळ दुमडला असता तर तो कायमचा वाकडा राहिला असता.

कापडाच्या बाबतीत माझं ठाम मत आहे: पाकिटावर क्रेप लिहिलं असेल तर क्रेपच घ्या, किंवा तशी पडणारी रेयॉन. मी दुसरा ड्रेस आधी कडक पॉलिएस्टरमध्ये बेतून बघितला आणि खांद्यापाशी चुण्या पडायच्या ऐवजी फुगल्या.

आता टेबलावर चाळिशीतल्या कोटाचा नमुना आहे. दोन तुकड्यांची बाही, कोपराला तीन बारीक टक्स. काल घालून बघितला, हात कोपरात वाकवला तर मनगट उघडं पडलं नाही. काखेत काचतंय, पण तिथली माया अजून कापलेली नाही.