नमुन्याची लडी खरी होती

मोज्यांसाठी आणि जाळीच्या शालींसाठी ‘हाताने रंगवलेली शुद्ध मेरिनो’ (मेंढीची बारीक, मऊ लोकर) म्हणून फोनवर फोटो टाकून लोकर विकणारे आता पुष्कळ झालेत. त्यातल्या एकाने मला गंडवलं. विणणाऱ्या बायकांनी हे नीट वाचा, कारण सावध गिऱ्हाईक जे करतं तेच ही मंडळी आधी आपल्याकडून करून घेतात: थोडा नमुना मागवायला लावतात.

ग्वाल्हेरची थंडी काय चीज आहे ते जानेवारीत गावच्या लष्कर नावाच्या भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात पहाटे फरशीवर पाय टेकवला की कळतं. महाराज बाड्याच्या चौकात आणि ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात लोकर रग्गड मिळते, पण ती बहुतेक सगळी जाडसर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची. दुकानदार ती तशी सांगूनच विकतात, भावही तसाच लावतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. लहान मुलांच्या टोप्या-स्वेटरांना, सारख्या धुवायच्या कपड्यांना मी आजही ॲक्रिलिकच घेते. मोज्यांचं गणित वेगळं. त्याला शंभर ग्रॅममध्ये साधारण चारशे मीटर भरेल इतकी बारीक लोकर लागते आणि तीत पाव हिस्सा नायलॉन असलेलं बरं, नाहीतर टाच लवकर विरते. जाळीच्या शालीला त्याच्या दुप्पट बारीक, शंभर ग्रॅममध्ये आठशे मीटरची, आणि ती मात्र अस्सल लोकरच हवी. अशी लोकर मला गावात मिळाली नाही, म्हणून फोनवरून मागवायचं ठरवलं.

भाचीच्या लग्नात द्यायला चिंतामणी रंगाची शाल करायची होती, आणि बाबांसाठी राखाडी मोजे, टाच आणि बोटं हळदी रंगात. फोटोतला चिंतामणी असा होता की पैठणीवाल्यानेही मान डोलवावी. विक्रेता बोलायला अतिशय गोड. “मॅडम, पहले सॅम्पल लीजिए, भरोसा बैठे तभी बडा ऑर्डर देना.” नमुन्याच्या दोन छोट्या लड्या आल्या, एक शालीची, एक मोज्यांची. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी शालीच्या लडीचा वीतभर धागा कापून निरांजनावर धरला. केस जळल्यासारखा वास आला, ज्योतीतून बाहेर काढताच धागा आपोआप विझला, आणि उरलेली राख काकूंच्या दोन बोटांत चुरून गेली. “अगं, चांगली आहे हो ही, घे,” म्हणाल्या. मी छोटा चौकोन विणून, ओला करून, ताणून वाळवला. वीण अशी उघडली की पान न पान मोजता यावं.

मग आलं खरं जाळं. “इस डाय लॉट का यही लास्ट स्टॉक है.” विणणाऱ्या बाईला हे वाक्य बरोबर लागतं. एकाच नावाचा रंग दोन वेगवेगळ्या घाण्यांचा असला की शालीच्या मध्यावर रेघ उमटते, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक असतं. नमुना पारखलेला होता. मी सगळे पैसे आगाऊ पाठवले.

पार्सलमधल्या लड्या वजनाला बरोबर भरल्या, हाताला मऊ लागल्या. रंग मात्र सपाट होता. हाताने रंगवलेल्या लोकरीत एकाच वेढ्यात छटा गडद-फिकी फिरते. ही सगळी एकसारखी. जाळीला खरं म्हणजे एकरंगीच बरं, ठिपकेदार किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या रंगात सगळी नक्षी हरवून जाते. पण फोटोत छटा असताना हातात सपाट रंग का आला, याला कारण होतं, ते पुढे कळलं. हौशी लोक लोकर रंगवायला जे आम्लाचे रंग वापरतात ते ॲक्रिलिकवर चढतच नाहीत. ॲक्रिलिकला रंग कारखान्यातच दिलेला असतो.

शाल पुरी झाली. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, गादीवर चादर घालून टाचण्यांनी ताणून लावली. वाळली. टाचण्या काढायला लागले आणि एकेक कड माझ्यादेखत आत वळत गेली, भोकं मिटत गेली. अस्सल लोकर ओली असताना ताणली की वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याला दाद देत नाही. काकूंनी पुन्हा निरांजन लावलं. या वेळी धागा वितळत, आक्रसत जळला, नाकाला झोंबणारा वास सुटला आणि टोकाला काळी टणक गोळी राहिली. ती नखाने फुटेना.

विक्रेत्याची उत्तरं आधीच तयार होती. एक : तुम्ही गरम पाण्यात घातलीत. दोन : लडी उघडली म्हणजे वापरलेला माल, परत होत नाही. तिसरं मात्र हुशारीचं होतं. मोज्यांच्या न उघडलेल्या लड्यांचा धागा जाळून व्हिडिओ पाठवला, तर म्हणाला, “उसमें नायलॉन है, गोली तो बनेगी ही.” हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मोज्यांच्या मिश्र लोकरीला नुसती ज्योतीची परीक्षा पुरत नाही. तिथे कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच वापरा. काचेच्या वाटीत ते घ्यायचं, धागा बुडवून काही तास ठेवायचा. लोकर विरघळते, नायलॉन मागे राहतं. पाऊण हिस्सा लोकर असेल तर वाटीत केसासारखे चार तंतू उरतील. माझ्या वाटीत धागा जसाच्या तसा, जरा फिका पडून. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि त्या ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो.

मीटरचीही चोरी होती. वजन पुरेपूर, पण धागा जाड, म्हणजे लांबी कमी. हे लडी न सोडता तपासता येतं : लडीचा एक पूर्ण वेढा टेपने मोजा, बांधलेल्या जागी धागे मोजा, गुणाकार करा. चारशे मीटर म्हणून विकलेल्या लडीत तीनशेसुद्धा भरत नव्हते.

वाटीचा फोटो पाठवल्यावर आवाज एकदम मऊ झाला, पैसे परत देतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड आला : स्कॅन करून पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. एवढं लुबाडून वर ही दुसरा डल्ला मारायची तयारी! मी त्याचा स्क्रीनशॉट काढून १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

मालाबद्दलची तक्रार वेगळी, ती ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५. पाकिटावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, महिना-वर्ष असावं लागतं. माझ्याकडच्या कागदी पट्टीवर इंग्रजीत एक गोंडस नाव आणि मेंढीचं चित्र, बस. हेल्पलाइनने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, विक्रेत्याच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझी तक्रार अजून चालू आहे. त्यासाठी न उघडलेल्या लड्या, पट्ट्या आणि पार्सलचं पत्त्यासकटचं कव्हर मी जपून ठेवलंय. कव्हर फेकू नका, बऱ्याचदा पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढ्यावरच असतो.

तेव्हा परीक्षा नमुन्याची नको, आलेल्या मालाची करा, आणि लडीचा गोळा गुंडाळायच्या आधी करा. पार्सल उघडतानाच व्हिडिओ घ्या. प्रत्येक लडीच्या टोकाचा वीतभर धागा काढून ज्योतीवर धरा. एका पार्सलमध्ये वरच्या लड्या खऱ्या, खालच्या खोट्या असंही होऊ शकतं. रंग दिव्याखाली बघू नका, गच्चीवर नेऊन बघा. दोन रंग एकत्र विणायचे असतील तर फोटो काळा-पांढरा करून बघा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर नक्षी उठणार नाही. आणि विक्रेत्याने टाकलेला मालाचा फोटो इंटरनेटवरच्या फोटो-शोधात टाकून तो आधी कुठे आलाय ते बघा. माझा तो चिंतामणी एका परदेशी रंगारणीच्या पानावर बरीच वर्षं आधीपासून होता.

परवा तोच फोटो एका नव्या नावाच्या दुकानाखाली दिसला. खाली लिहिलंय : पहले सॅम्पल मंगवाइए.