४० घ्यावं की ४६? दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गणपतीत माझं रिमोटवरचं मॉडेल विमान माळ्यावरून काढलं, प्रॉप (पुढचा पंखा) बोटाने हळूच फिरवला आणि आतून वाळू दळल्यासारखी खरखर आली. इंजिनाचं मागचं बेअरिंग गंजलं होतं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "गंज वॉरंटीत बसत नाही, इंजिनच नवीन घ्या." दोन दिवस वाद घातला. विकताना पावसाळ्याबद्दल एक शब्द बोलला नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

आधी ४० की ४६ ते सांगतो. हे आकडे इंजिनाच्या मापाचे, घनइंचाच्या शतांशात. माझा ६० इंची पंखांचा ट्रेनर (शिकाऊंसाठीचं विमान) टाकी भरून अडीच किलोच्या जरा वर जातो. वर्षभर तो ४० वर, म्हणजे साडेसहा सीसीवर उडवला आणि दिवाळीत साडेसात सीसीचं ४६ बसवलं. माझ्या दोन्ही इंजिनांचं क्रँककेस (बाहेरचं धातूचं घर) एकाच मापाचं, त्यामुळे माउंटची भोकंसुद्धा तीच चालली. सीजी, म्हणजे विमानाचा तोल, तोही हलला नाही. (कुणी ६० सुचवलं तर ऐकू नका, नाक जड होतं.)

पहिला महिना पस्तावलो. ३०० मिलीच्या टाकीत ४० चौदा मिनिटं चालायचं, हे अकरा मिनिटांत टाकी संपवायचं. नायट्रोचं इंधन काही फुकट येत नाही. त्यात उतरताना आयडलवरही, म्हणजे इंजिन सगळ्यात मंद असतानाही, ओढ एवढी की विमान जमिनीला टेकायलाच तयार नसायचं. भेटेल त्याला सांगत होतो, ४० पुरे.

एप्रिलमध्ये मत बदललं. पुणे ५६० मीटर उंचीवर, वर ४० अंशांचं ऊन. अशी हवा समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळपास सातव्या हिश्शाने विरळ असते आणि इंजिनाला तीच मिळते. ४६ हे ४० पेक्षा १५ टक्के मोठं, म्हणजे जास्तीची जवळपास सगळी ताकद तिथेच खर्ची पडते. अशाच एका दुपारी मित्राचा ४० वाला तसाच ट्रेनर धावपट्टी संपेपर्यंत धावत राहिला, माझा निम्म्यात उचलला. मुंबईत जानेवारीत उडवणार असाल तर ४० खुशाल घ्या, पुण्याच्या उन्हाळ्यात ४६ च.

पण प्रॉप बदला. मी जुना १०×६ च (इंचांत व्यास × पिच) ठेवला होता, ही माझी चूक. ११×५ लावल्यावर आयडल खाली आला, विमान शहाण्यासारखं उतरू लागलं आणि अर्ध्या थ्रॉटलवर भागत असल्याने टाकी तेरा मिनिटं पुरू लागली.

आता बेअरिंग. या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. शेवटच्या उड्डाणानंतर मी नुसता थ्रॉटल बंद करून विमान पुसून ठेवायचो. क्रँककेसमध्ये राहिलेलं इंधन जून-जुलैभर ओल पीत बसलं. नवीन इंजिन मी घेतलं नाही. सगळं सुटं करून रिकामं क्रँककेस ओव्हनमध्ये १५० अंशांना तापवलं आणि जाड हातमोजे घालून लाकडी पाटावर आपटलं. मागचं बेअरिंग टप्पकन खाली पडलं, गोळ्यांवर तपकिरी ठिपके. पुढचंही काढलं. रिंगवरचे नंबर बेअरिंगच्या दुकानात दाखवले, दोन्ही मिळून लिटरभर इंधनापेक्षा स्वस्तात आली. नवीन बेअरिंग फ्रीजमध्ये गार केली, क्रँककेस पुन्हा तापवलं, दोन्ही न ठोकता आत बसली. आणि दुकानदार म्हणत होता, इंजिनच बदला!

इंधन आता थोडं एरंडेल असलेलं घेतो, गंजाला ते बरं. रविवारी शेवटच्या उड्डाणानंतर विमान धरून ठेवलं, आयडलवर असताना प्रॉपच्या मागून हात घालून इंधनाची नळी ओढली. इंजिन क्षणभर चढलं आणि आतलं सगळं जाळून थांबलं. मग कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात तेलाचे चार-चार थेंब टाकून प्रॉप हाताने फिरवला. खरखर नव्हती.