क्रिकेट शिबिरातली 'टॅलेंट डीएनए' चाचणी: पालकांनो, सावध राहा

माझा पुतण्या नाशिकला उन्हाळी क्रिकेट शिबिराला जात होता. शिबिर संपताना पालकांची मीटिंग झाली आणि तिथेच एका कंपनीच्या माणसाने घरी करायच्या डीएनए चाचणीचे किट विकले. मुलगा फास्ट बोलर होईल की लांब पल्ल्याचा धावपटू, त्याला कोणता आहार मानवेल, अभ्यासात कल कुठे आहे, सगळं म्हणे गालाच्या आतून फिरवलेल्या काडीवरून कळतं. एका मुलाचे ९,००० रुपये, आईवडिलांसकट 'फॅमिली पॅक' घेतला तर २१,०००. खुद्द शिबिराचे सर शिफारस करत होते, म्हणून दादा-वहिनींनी फॅमिली पॅक घेतला. यात त्या दोघांना बोल लावावा असं मला अजिबात वाटत नाही. मुलाच्या गुरूवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर?

रिपोर्ट आला तो गुळगुळीत, रंगीत, जाडजूड. वहिनीने तो माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, तुम्ही बारावीला बायॉलॉजी शिकवता ना, जरा बघा. खेळाचं पान चांगलं आलंय, पण दर महिन्याला साडेचार हजारांच्या पावडरी घ्यायला सांगितल्यात."

खेळाचं पान एसीटीएन३ या जनुकावर होतं. वेगवान हालचालींच्या स्नायूंमधलं एक प्रथिन या जनुकामुळे बनतं. त्यातल्या एका ठराविक जागी डीएनएचं 'सी' हे अक्षर असेल तर प्रथिन बनतं, 'टी' असेल तर बनत नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुतण्याच्या पानावर होतं सी-सी, 'जन्मजात स्प्रिंटर'. मग मी वहिनीचं पान उघडलं. तिथे टी-टी.

आईकडे दोन्ही प्रती 'टी' असतील तर मुलाला एक 'टी' मिळणारच. सी-सी मूल तिला होऊच शकत नाही. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या धड्यातलं हे पहिल्या आठवड्याचं गणित आहे. पुतण्या तर आमच्या डोळ्यांदेखत जन्मलेला. म्हणजे नमुन्यांची अदलाबदल झाली होती, किंवा ते तपासलेच नव्हते.

हा घोळ आईच्या पानावर निघाला म्हणून निभावलं. हीच अक्षरं दादाच्या पानावर चुकली असती आणि कोणा अर्धवट माहितीच्या माणसाने ती वाचली असती, तर वहिनीवर नसता संशय आला असता. पैशांपेक्षा मला याचीच जास्त चीड आहे.

मी कंपनीला मूळ डेटाची फाइल मागितली. "रिपोर्ट हाच डेटा आहे" असं उत्तर आलं. रिपोर्टवर प्रयोगशाळेचं नाव नव्हतं. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का होता, पण त्याखालचा क्रमांक एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधला तर सापडला नाही. हा शोध कोणालाही घरबसल्या, फुकट घेता येतो. पैसे परत मागितल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपला उत्तर देणंच बंद केलं.

समजा चाचणी खरी असती, तरी तो निष्कर्ष पोकळच होता. स्पेनमधला एक लांब उडीपटू ऑलिंपिकपर्यंत पोचला, आणि त्याच्याकडे हे प्रथिन मुळीच नव्हतं. २०१५ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये तज्ज्ञांनी एकत्रितपणे सांगितलं की मुलांमधलं क्रीडाकौशल्य हेरायला अशा चाचण्यांचा उपयोग नाही. पावडरींचा धंदाही जुनाच. २००६ साली अमेरिकी संसदेच्या तपास यंत्रणेने, जीएओने, अशा आहार-डीएनए कंपन्यांची परीक्षा घेतली. 'खास तुमच्यासाठी' म्हणून वर्षाला सुमारे १,२०० डॉलरना विकलेल्या गोळ्या साध्या दुकानात ३५ डॉलरना मिळणाऱ्या जीवनसत्त्वांसारख्याच निघाल्या. चाचणी करणारा आणि औषध विकणारा एकच असेल तर तिथूनच उठा.

किट घ्यायचंच असेल तर आधी प्रयोगशाळेचं नाव विचारा, कोणते जनुकबदल तपासणार ते लेखी मागा, आणि नमुना व माहिती पुसून टाकायची सोय आहे का ते पाहा. नामांकित कंपनी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. २३अँडमी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आजाराची शंका असेल तर किटच्या नादी लागूच नका. त्याच कंपनीला स्तनाच्या कर्करोगाच्या धोक्याची चाचणी विकायची जी परवानगी २०१८ साली मिळाली, ती हजाराहून अधिक ज्ञात जनुकबदलांपैकी फक्त तिनांसाठी होती, आणि ते तीन मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य व पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत आढळतात. आपल्याकडच्या बाईने त्या चाचणीचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट वाचून निश्चिंत व्हावं, असं त्यात काहीच नाही. घरात तसा इतिहास असेल तर डॉक्टरांकडून जनुकीय समुपदेशकाकडे जा.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. त्या शिबिरात किट घेतलेल्या इतर पालकांनी खोका, बारकोड आणि पैसे भरल्याचा पुरावा जपून ठेवावा. आईवडिलांचे रिपोर्टही असतील तर मुलाच्या पानाशेजारी ठेवून ती अक्षरं एकदा जुळवून पाहा.