‘डिझेल वाचवणारे’ टायर आणि मीटरवर वाढलेले खोटे ॲव्हरेज

पिकअपसाठी इंधन वाचवणारे टायर घेण्याच्या विचारात असलेल्यांना, पुण्यातील एका दुकानाने माझ्याशी केलेला व्यवहार तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते. या फसवणुकीत खोटा पुरावा दुकानदार स्वतः देत नाही, तो ग्राहकाकडूनच तयार करून घेतो, आणि म्हणून ती लवकर उघडकीस येत नाही.

वाघोलीतील घरापासून भोसरी एमआयडीसीतील माझ्या लहानशा वर्कशॉपपर्यंत मी रोज पिकअपनेच जातो. विश्रांतवाडी आणि दिघी या मार्गावर सकाळ-संध्याकाळ गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगत असते. परतताना मागे कधी सुटे भाग असतात, कधी काहीच नसते. डिझेलचा खर्च महिन्याच्या हिशेबात बोचू लागल्यामुळे, टायर बदलताना कमी घर्षणाचे घ्यावेत असे मी ठरवले होते.

दुकानदाराने जुने टायर पाहताच ते संपल्याचे सांगितले आणि ‘फ्युएल सेव्हर’ म्हणून एक संच पुढे केला. माझ्या गाडीचे मूळ माप २१५/७५ आर १५ असे आहे. त्याने दाखवलेले टायर २०५/७० आर १५ चे होते. मापातील फरकाबद्दल विचारल्यावर त्याचे उत्तर तयार होते. “साहेब, टायर अरुंद असला की रस्त्याला कमी चिकटतो, म्हणून तर ॲव्हरेज वाढते. रिम तीच आहे, काही अडचण येत नाही.” टायरवर चिकटवलेल्या कागदी स्टिकरवर पाच तारे होते आणि सरकारी मान्यतेचा उल्लेख होता. शिवाय टाकी पूर्ण भरा, मीटरचे रीडिंग लिहून ठेवा, पुन्हा टाकी भरा आणि स्वतः भागाकार करा, फरक पडला नाही तर टायर परत घेईन, असे त्याने मोबाइलवरील संदेशातही लिहून दिले.

त्याप्रमाणे हिशेब केला तेव्हा लिटरला बारा किलोमीटरवरून आकडा साडेबाराच्या पुढे गेला, आणि दर वेळी तसाच येत राहिला. याच आकड्याच्या भरवशावर दुकानदार पुढची गिऱ्हाइके मिळवतो. माझ्याकडूनही त्याने इतरांना दाखवण्यासाठी हिशेबाच्या वहीचे छायाचित्र मागून घेतले होते.

साताऱ्याला जाताना खेड शिवापूरच्या पुढे महामार्गावरील किलोमीटरचे दगड आणि गाडीचे मीटर यांचा मेळ बसत नसल्याचे लक्षात आले. दगडांप्रमाणे २० किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर २१ पुरे झाले होते. त्या रात्री मी मापांचा हिशेब कागदावर मांडला, तो येथे देतो, कारण तो कोणालाही आपल्या टायरसाठी करता येईल. २१५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, ७५ हा त्या रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीची उंची टक्क्यांत सांगतो आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत असतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरच्या आणि खालच्या भिंतीची उंची मिळवली की मूळ टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. नव्या टायरचा व्यास ६६८ भरतो. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतरात ते अधिक फेरे घेते, आणि मीटर फेरेच मोजत असल्यामुळे प्रत्यक्ष १०० किलोमीटर अंतर त्यावर १०५ हून थोडे अधिक दिसते. माझ्या वहीतील वाढ बरोबर तेवढीच होती. खऱ्या अंतराने भागले तर ॲव्हरेज बारावरून जराही हललेले नव्हते.

मीटर असे पुढे धावले की सर्व्हिसिंग लवकर येते, किलोमीटरवर ठरलेली वॉरंटी लवकर संपते आणि गाडी विकताना ती प्रत्यक्षापेक्षा जास्त पळालेली दिसते. त्याच वेगासाठी इंजिनाला फेरेही अधिक घ्यावे लागतात, आणि गाडी जमिनीकडे सुमारे १८ मिलिमीटर खाली येते, जे आपल्याकडच्या गतिरोधकांवर चांगलेच जाणवते. परंतु मला सर्वांत अधिक संताप आला तो वजनाच्या बाबतीत. टायरच्या मापानंतर जो आकडा छापलेला असतो तो एका टायरने पेलायच्या कमाल भाराचा निर्देशांक असतो. माझ्या मूळ टायरवर १०० होता, म्हणजे ८०० किलो. या टायरवर ९६ होता, म्हणजे ७१० किलो. मागच्या दोन चाकांची क्षमता मिळून १८० किलोंनी कमी झाली होती आणि त्या चाकांवर मी माल भरून जात होतो. भाराखाली कमकुवत टायर तापतो आणि फुटू शकतो. हे माहीत असूनही पिकअपला असे टायर बसवणारा माणूस केवळ पैशांची लबाडी करत नाही, तो गाडीतल्याच्या जिवाशी खेळतो.

टायरचे वयही लपवलेले होते. निर्मितीची तारीख चार अंकांत कोरलेली असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळ टायरांवर ही संपूर्ण खूण एकाच बाजूला असते, आणि माझ्या चारही टायरांची ती बाजू आत वळवून बसवली होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये अलाइनमेंटसाठी गाडी वर उचलली तेव्हा कारागिराने बॅटरी धरून ती दाखवली. बाहेरची बाजू पॉलिशने चकाकत होती, आतून मात्र रबराला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. हवाही गरजेपेक्षा बरीच जास्त भरलेली होती. जास्त हवेने टायर कमी दबतो आणि गाडी हलकी चालल्यासारखी वाटते, पण नक्षी मधोमध झिजते आणि पावसाळ्यात ब्रेक लागण्याचे अंतर वाढते.

जुन्या टायरांच्या खोबणीतील झीज दाखवणारे उंचवटे अजून बरेच खाली होते, म्हणजे ते संपलेले नव्हतेच. भंगाराच्या भावात घेतलेले तेच टायर पुढे सेकंड हँड म्हणून विकले जातात, असे त्या कारागिराने सांगितले.

इंधन वाचवणारे टायर ही गोष्ट खोटी नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. चाक फिरताना रबर सतत दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, त्यात उष्णतेच्या रूपाने ऊर्जा वाया जाते. सिलिका मिसळलेल्या रबरात हे नुकसान कमी राहते. मात्र चाक फिरण्याला यामुळे होणारा रोध दहा टक्क्यांनी घटला तरी इंधनातील बचत साधारण एक ते दोन टक्के इतकीच असते, आणि नव्या टायरची नक्षी खोल असल्यामुळे सुरुवातीला तीही नीट दिसत नाही. एका संचाने डिझेलचा खर्च डोळ्यांत भरेल इतका उतरवून देण्याची भाषा कोणी केली, तर तिथेच उठावे. ‘सरकारी मान्यता’ या शब्दांचाही असाच दुरुपयोग होतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून टायरचा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसाठी एआयएस १४२ हे मानक लागू केले. त्या किमान अटीत बसणे म्हणजे पाच तारे मिळणे नव्हे. तारे ऊर्जा दक्षता ब्युरोच्या योजनेतून विशिष्ट मॉडेलला मिळतात, म्हणून स्टिकरवरचे मॉडेलचे नाव टायरच्या भिंतीवर कोरलेल्या नावाशी ताडून पाहावे. माझ्या टायरांवर ती दोन नावे वेगळी होती.

दुकानदाराने टायर परत घेण्यास नकार दिला. बिलावर जीएसटी होता, परंतु ‘टायर ४ नग’ यापलीकडे माप, मॉडेल किंवा निर्मितीची तारीख काहीच नव्हते. मागूनही त्याने ते लिहून दिले नाही. म्हणून मोबाइलवरील त्याचा संदेश, टायरच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि गाडीच्या दारावरील मापाच्या पट्टीचे छायाचित्र यांवरच माझी तक्रार उभी आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यानंतर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही, आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. पिकअप व्यवसायाची असल्यामुळे तुम्ही ग्राहकच ठरत नाही, असे दुकानदार मला वारंवार सुनावत होता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा ग्राहकच असतो. वर्कशॉपच्या नोंदणीची प्रत मी तक्रारीला त्यासाठीच जोडली आहे.