हॅमरचा ड्रॅक्युला: नऊ सिनेमे, आठ महिने

आधी व्यवहाराचं बोलतो, मग भुतांचं.

हॅमर या ब्रिटिश कंपनीने 1958 ते 1974 या काळात ड्रॅक्युलाचे नऊ सिनेमे काढले. हे नऊच्या नऊ एका खोक्यात मिळत नाहीत. हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे विखुरलेत, त्यामुळे एक डिस्क इथून, दोन तिथून असं गोळा करावं लागतं. त्यात ब्लू-रेला रिजनचं कुलूप असतं. अमेरिका ए, ब्रिटन बी आणि आपण सी. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘सगळीकडे चालते’ असं लिहून मला जी डिस्क विकली, ती माझ्या प्लेअरमध्ये घातल्यावर पडद्यावर एकच ओळ आली आणि तिथेच सगळं थांबलं. पैसे परत मागितले तर ‘पाकीट फोडलंत ना, मग नाही’. पाकीट न फोडता डिस्क चालवून कशी बघायची, हे त्याने सांगितलं नाही. शेवटी कुठलंही रिजन चालवणारा एक जुना प्लेअर घेतला. तो सुरू होताना मिक्सरसारखा आवाज करतो, पण आठ महिन्यांत एकदाही अडला नाही. उरलेल्या डिस्क भाच्याने लेस्टरहून येताना कपड्यांच्या घड्यांत ठेवून आणल्या.

एवढा खटाटोप कशासाठी? तर आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला मामाकडे व्हीसीआर भाड्याने आणला होता. एका रात्रीचं भाडं आणि तीन कॅसेट. त्यात एक ‘ड्रॅक्युला’ होता. रंग उडालेले, मधेमधे पडद्यावर मुंग्या, खाली कुठल्या तरी परदेशी लिपीतली अक्षरं. मी अर्धा सिनेमा पांघरुणाच्या भोकातून पाहिला. त्या भोकातून दिसलेला सहा फूट पाच इंचांचा माणूस, लाल डोळ्यांचा, पुढची कित्येक वर्षं आमच्या माडीच्या जिन्यात उभा होता.

तर या खेपेला मी गेलो तो त्याच्यासाठी, म्हणजे ख्रिस्तोफर ली यांच्यासाठी. आणि आठ महिन्यांनी सांगायचं तर माझा माणूस बदलला.

पहिला सिनेमा 1958चा. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, पटकथा जिमी सँगस्टर यांची. टेम्सच्या काठी ब्रे नावाच्या गावात एक जुना वाडा घेऊन हॅमरने तिथे स्टुडिओ थाटला होता, तिथे हा बेतास बात पैशांत झाला. बर्नार्ड रॉबिन्सन हे नेपथ्यकार तोच खांब आणि तोच जिना फिरवून फिरवून वापरत. पण जॅक अ‍ॅशर यांच्या प्रकाशयोजनेत तो जिना राजवाड्याचा वाटतो. ड्रॅक्युलाचा प्रवेश अजूनही तसाच लागतो. जिन्याच्या टोकाला काळी आकृती. आता किंकाळी येणार म्हणून आपण दात आवळतो. ती आकृती झपझप खाली येते, उजेडात येते, तर एक देखणा, अदबशीर गृहस्थ पाहुण्याचं स्वागत करतो आणि त्याची बॅग स्वतः उचलून वर घेऊन जातो. सासुरवाडीत होत नाही असा पाहुणचार. म्हणूनच पुढे तोच माणूस रक्ताळलेल्या तोंडाने दारात उभा राहतो तेव्हा पोटात गोळा येतो.

या वेळी मी घड्याळ लावून बसलो होतो. ऐंशी-ब्याऐंशी मिनिटांच्या सिनेमात ली पडद्यावर जेमतेम सात मिनिटं आहेत. बोलतात ते सुरुवातीला हार्करशी, म्हणजे त्या पाहुण्याशी, तेवढंच. नंतर एक शब्द नाही. बाकीचं काम जेम्स बर्नार्ड यांचं संगीत करतं. ‘ड्रॅ-क्यु-ला’ हे तीन अक्षरांचं नावच त्यांनी तीन सुरांत बसवलंय. एकदा लक्षात आलं की भांडी घासतानाही डोक्यात तेच वाजतं.

मग उरलेली पाऊण बाजू कोण ओढतं? पीटर कुशिंग. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेलसिंग.

लहानपणी हा माणूस माझ्या लेखी डॉक्टर होता, बस. आता वयाने मी त्याच्या पुढे गेलोय आणि त्याचे हात बघत बसतो. कुशिंग यांच्या हातात प्रत्येक प्रसंगात काहीतरी असतं: कागद, चश्मा, लेखणी, बॅगेचा पट्टा. सेटवर त्यांना यावरून चिडवतही असत. पण त्या हातांमुळे पिशाचाबद्दलचं बोलणं खरं वाटतं. व्हॅन हेलसिंग फोनोग्राफवर आपली टिपणं ऐकतोय, बाहेरून नोकराला दोन माणसांचा आवाज येतो, आत येऊन बघतो तर एकटाच. हा त्याला सहज सांगतो की मी स्वतःशीच बोलत होतो. दहा सेकंदांचा विनोद आहे, पण त्यातून माणूस कळतो.

त्याहून माझा आवडता क्षण पुढचा. तान्या नावाची लहान मुलगी रात्री स्मशानात थांबलेली. तिने नुकतंच जे पाहिलंय ते मोठ्यांनाही झेपलं नसतं. व्हॅन हेलसिंगला आत जाऊन पिशाच झालेल्या एका मृत मुलीच्या छातीत खुंटी ठोकायची आहे. त्याआधी तो आपला फरची कॉलर असलेला कोट काढतो, पोरीभोवती गुंडाळतो, कॉलर नीट करतो आणि म्हणतो, आता तू टेडीसारखी दिसतेस. मग हातात क्रॉस देऊन तिला बसवून आत जातो. पटकथा लिहिताना कुणी इथे रेंगाळलं असेल असं वाटत नाही. कुशिंग रेंगाळले. मी हा तुकडा आठ महिन्यांत बारा-पंधरा वेळा तरी मागे घेऊन पाहिला असेल.

शेवटची मारामारी तर सगळ्यांना माहीत आहे. लांबलचक टेबलावरून धावत जाऊन पडदा ओढून काढायचा, मग दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रॉस करून ड्रॅक्युलाला उन्हात रेटायचं, ही कल्पना कुशिंग यांचीच. सारखा खिशातून क्रॉस काढणारा माणूस त्यांना क्रॉसचा फिरता विक्रेता वाटायला लागला होता. ड्रॅक्युलाची राख होते तो भाग ब्रिटनमध्ये तेव्हा कापला गेला होता. जपानी प्रतीतले जादा तुकडे टोकियोच्या संग्रहात सापडल्यावर ते पुन्हा जोडले गेले. नव्या डिस्कवर ते आहेत. पाहून घ्या, पण जेवताना नको.

दुसरा, 1960चा, नावात ड्रॅक्युला आणि सिनेमात नाही. ली नाहीत म्हणून मी हा कायम वगळायचो. मोठी चूक. यात पिशाच व्हॅन हेलसिंगलाच चावतं. पवनचक्कीत एकटा माणूस निखाऱ्यात लोखंड तापवतो आणि स्वतःच्या मानेवर धरतो, वरून पवित्र पाणी ओततो. संवाद नाही. कुशिंग यांचा चेहरा बघून माझाच हात मानेकडे गेला.

1966च्या सिनेमात ली परत आले, पण संपूर्ण सिनेमाभर मुके, फक्त फूत्कार. ली म्हणत, संवाद इतके टुकार होते की मीच बोलायला नकार दिला. सँगस्टर म्हणत, मी संवाद लिहिलेच नव्हते. दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. मला दोन्ही पटतात. हा सिनेमा खरा बार्बरा शेली यांचा. आधी गळ्यापर्यंत बटणं लावलेली, सगळ्यांना सावध करणारी वहिनी, आणि नंतर तीच पिशाच झाल्यावर केस मोकळे सोडून हसते. याच सेटवर, बऱ्याचशा त्याच मंडळींना घेऊन हॅमरने लगोलग रासपुतीनचाही सिनेमा उरकून घेतला. मांडव एक, लग्नं दोन.

1968चा (चर्चच्या घंटेतून प्रेत लोंबतं तो) दिसायला सुंदर. त्यातली एक कल्पना अजून डोक्यातून जात नाही: नायक नास्तिक, त्याला प्रार्थना येत नाही, म्हणून छातीत ठोकलेली खुंटी ड्रॅक्युला स्वतः उपटून फेकतो. जुन्या चाहत्यांनी यावर आरडाओरड केली होती. मला मात्र ते चोख वाटलं. मंत्र न म्हणता नुसता नारळ फोडून काय होणार?

1970चे दोन. पहिला मूळात लीशिवायच करायचा होता, वितरकांनी हट्ट धरला म्हणून ते आले. ते खरं सांगायचं तर दिसतंच: कथा तीन ढोंगी लंडनकर बाप्यांची आहे, ड्रॅक्युला कोपऱ्यात उभा राहून मेलेले मोजतो. तरी चांगला आहे. दुसऱ्यातलं वटवाघूळ इतकं वाईट आहे की माझी मुलगी सोफ्यावरून घसरली. त्याला हलवणारी दोरी शोधायचा खेळच झाला आमच्याकडे. ड्रॅक्युला यात भिंतीवरून पालीसारखा चढतो तेवढा अर्धा मिनिट ठेवा, बाकी पुढे सरकवा.

आता 1972. हा मी लहानपणी पाहिला नव्हता आणि वाचलं होतं ते सगळं वाईटच. ड्रॅक्युला थेट चेल्सीच्या पोरांत, गिटारी, बेलबॉटम. सुरुवातीला 1872 सालच्या हाइड पार्कमध्ये धावत्या बग्गीवर मारामारी होते आणि ड्रॅक्युला व व्हॅन हेलसिंग दोघेही मरतात. आमच्यासारख्या खुसपटं काढणाऱ्यांसाठी: पहिल्या सिनेमात हार्करच्या डायरीवर 1885 आहे. म्हणजे व्हॅन हेलसिंग मेल्यावर तेरा वर्षांनी ड्रॅक्युलाला मारायला गेला. असो.

बारा वर्षांनी कुशिंग या मालिकेत परतले ते इथे, मूळ डॉक्टरच्या वंशजाच्या भूमिकेत. पहिल्याच प्रसंगात मुलीने विचारलं, “बाबा, हा माणूस आजारी आहे का?”

मी डिस्क थांबवली. जानेवारी 1971 मध्ये कुशिंग यांची बायको हेलन गेली. हाती घेतलेला सिनेमा सोडून ते घरी बसले. त्यानंतरचा हा. लिहिताना नायिकेचा बाप म्हणून लिहिलेली भूमिका शेवटी आजोबांची करावी लागली, कारण वर्षभरात हा माणूस तेवढा म्हातारा दिसायला लागला होता. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे. गालांची हाडं वर आलेली, कोट खांद्यांवरून लोंबतोय. आणि तरीही हातात वही आहे, पेन्सिल आहे, पोलिसाला समजावून सांगायची तीच घाई आहे. अ‍ॅल्युकार्ड हे नाव कागदावर लिहून त्यातली इंग्रजी अक्षरं उलटी जोडून ‘ड्रॅक्युला’ काढतो तो प्रसंग बघा. कुणीही करावा असा पोरकट प्रसंग. ते इतक्या गांभीर्याने रेघा ओढतात की हसू येत नाही.

पुढच्या सिनेमात जोआना लम्ली, प्लेगचे जंतू आणि काटेरी झुडपात अडकून मरणारा ड्रॅक्युला. ली यांनी त्यानंतर हॅमरच्या ड्रॅक्युलाला कायमचा रामराम ठोकला. शेवटचा 1974चा, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्सबरोबर, त्यात ड्रॅक्युला दुसराच नट आहे आणि चिनी पिशाच उड्या मारत येतात. कुशिंग त्यातही आहेत, घामाघूम होऊन, मन लावून.

लींबद्दल माझं मत खाली गेलं असं समजू नका. सात मिनिटांत जो माणूस सांगलीच्या जिन्यात जाऊन उभा राहतो त्याच्याशी कोण वाद घालणार? पण ते या भूमिकेवर आयुष्यभर कुरकुरले. आपलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणून ते नाव घेत ते 1998च्या ‘जिना’ या मोहम्मद अली जिनांवरच्या सिनेमाचं, ज्यात आपले शशी कपूरही होते. कुशिंग कुरकुरले नाहीत. दोघांचे वाढदिवस लागोपाठ, 26 आणि 27 मे. 1994 मध्ये हॅमरवरच्या माहितीपटाला दोघांनी मिळून आवाज दिला. त्याच ऑगस्टमध्ये कुशिंग गेले. ली 2015 पर्यंत होते.

घ्यायचंच असेल तर 1958, 1960, 1966 आणि 1972 एवढे घ्या, आणि प्लेअर आधी तपासा. पोरांना दाखवताना 1958पासून सुरुवात करा, वटवाघळापासून नाही. माझ्याकडचा पहिला सध्या मामेभावाकडे आहे, तोच, ज्याच्या पांघरुणाला भोक होतं. महिना झाला, परत करायचं नाव नाही. विचारलं तर म्हणतो, रात्री बघायला जमत नाही रे, दिवसा थोडा थोडा बघतोय.